सिमितेर, वीरगळ आणि समाध्या : गावातल्या जुन्या स्मृतिस्थळांची नोंद कशी करावी

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कबरीवरचा चुना, पाटीवरची अक्षरं, वीरगळावरचे (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मृतिशिळेवरचे) चेहरे दर पावसाळ्यात थोडे थोडे झिजतात. तरी पावसापेक्षा मोठं नुकसान माणसांच्या हातून होतं, आणि तेही बहुतेक वेळा चांगल्या मनाने. कुणी सिमेंटचा गिलावा करतो, कुणी ॲसिडने दगड ‘चकचकीत’ करतो, कुणी अक्षरांत ऑइलपेंट भरतो. ते करण्याआधी कुणी फोटो काढलेला नसतो, मजकूर उतरवून घेतलेला नसतो. म्हणून इथे एकच आग्रह धरतो : आधी नोंद करा. दगडाला हात लावायचा तो शेवटी, आणि गरज असेल तरच. नोंदीसाठी पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. फोन, वही, टेप आणि गावातल्या माणसांशी नीट बोलण्याची तयारी एवढं पुरतं.

कशाची नोंद करायची

स्मृतिस्थळ म्हटलं की डोळ्यांपुढे जुन्या गोव्याच्या इगर्जी (चर्च) येतात. त्यांना १९८६ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे, त्यांच्याकडे पाहायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आहे. तुमची गरज आहे ती गावातल्या जागांना : इगर्जीमागचं सिमितेर (ख्रिस्ती दफनभूमी), कबरस्तानातल्या जुन्या कबरी, तळ्याकाठी किंवा देवळामागे टेकवून ठेवलेले वीरगळ आणि सतीशिळा, मठांमधल्या स्वामींच्या समाध्या आणि वृंदावनं, स्मशानाच्या वाटेवरचे चौथरे, रस्त्याकडेचे जुने खुरीस (क्रूस), हुतात्मा स्मारकं. पेडण्याच्या सीमेवर पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. तिथली प्रत्येक पाटीही याच कामात मोडते.

कुंकळ्ळीला तर एकाच घटनेच्या दोन आठवणी एकमेकींजवळ उभ्या आहेत. १५८३ साली तिथे पाच जेझुइट मिशनरी मारले गेले आणि त्यानंतर गावच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आलं. जेझुइटांच्या स्मृतीचं कपेल (छोटं प्रार्थनाघर) आहे आणि नायकांचं स्मारकही आहे. अशा ठिकाणी दोन्हींची नोंद सारख्याच काळजीने करा. आपल्याला जवळची वाटते तेवढीच बाजू टिपली, तर पुढच्या माणसाच्या हाती अर्धाच कागद पडतो.

सिमितेर वेगळं का असतं, हे आधी समजून घ्या

जुन्या काळी ख्रिस्ती माणसाला इगर्जीच्या आतच, जमिनीखाली पुरत. जुन्या गोव्यातल्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या इगर्जीची जमीन पाहा. कुलचिन्हं आणि लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळांनीच ती फरसबंद झालेली आहे. रोझरीच्या इगर्जीत गव्हर्नर गार्सिया द सा यांच्या पत्नी कातारीना यांचं थडगं आहे आणि त्यावरचं नक्षीकाम गुजराती धाटणीचं आहे. रेइश मागुशच्या इगर्जीत १५८१ साली गोव्यात वारलेल्या व्हाइसरॉय लुइश द आताइद यांची शिळा आहे.

२१ सप्टेंबर १८३५ रोजी पोर्तुगालमध्ये फर्मान निघालं, की यापुढे पुरायचं ते वस्तीबाहेरच्या सार्वजनिक दफनभूमीत, इगर्जीत नाही. कारण आरोग्याचं होतं. लोकांना ते इतकं जाचलं, की १८४६ च्या तिथल्या उठावामागे हाही एक राग होता. गोव्यातही त्यानंतरच्या दशकांत भिंत घातलेली, फाटक असलेली वेगळी सिमितेरं रूढ झाली. तेव्हा शोधताना एवढं ध्यानात ठेवा : त्याआधीचं काही पाहायचं असेल तर इगर्जीच्या जमिनीकडे बघा, नंतरचं असेल तर बाहेरच्या भिंतीच्या आत.

एक जागा या चौकटीत बसत नाही. दोना पावलाला, काबो येथील राज्यपालांच्या निवासस्थानाजवळ, छोटी ब्रिटिश दफनभूमी आहे. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात फ्रेंच गोवा घेतील या भीतीने इंग्रजांनी १७९९ ते १८१३ या काळात आपली फौज इथे ठेवली होती, त्या मुक्कामाची ही खूण. पहिला सराव करायला ही जागा मला फार योग्य वाटते : आटोपशीर आणि बंदिस्त.

परवानगी : इथे घाई नको

सिमितेर सरकारी मैदान नव्हे. बहुतेक ठिकाणी ते इगर्जीच्या ताब्यात असतं. तिथे पाद्री-विगारांना (इगर्जीच्या मुख्य पाद्रींना) भेटा, आधी फोन करून जा, मिसाच्या (प्रार्थनेच्या) वेळी जाऊ नका. इगर्जीची मालमत्ता पाहणारी फाब्रिका आणि कॉन्फ्रारिया (भाविकांची बंधुमंडळं) यांच्या पदाधिकाऱ्यांनाही विगारांमार्फतच सांगितलेलं बरं. पालिकेची दफनभूमी असेल तर पालिकेत अर्ज द्या. कबरस्तानासाठी मशिदीच्या समितीला विचारा. मठातल्या समाध्यांसाठी मठाच्या व्यवस्थापकांना विचारा, आणि गर्भागाराजवळचे फोटो नाकारले तर तो विषय तिथेच सोडा. देवळामागच्या वीरगळांसाठी महाजनांची (देवळाचा कारभार पाहणाऱ्या घराण्यांची) किंवा गावकारांची (गावच्या मूळ घराण्यांची) संमती घ्या.

अर्ज एका पानाचा करा. त्यात तुम्ही कोण, काय टिपणार, काय करणार नाही (दगड धुणार नाही, हलवणार नाही, खणणार नाही) आणि नोंदीची एक प्रत त्यांना देणार, हे स्पष्ट लिहा. शेवटच्या वाक्याने दारं उघडतात, आणि दिलेला शब्द पाळावाच लागतो.

आणखी एक गोष्ट. जागा टंचाईची असल्यामुळे गोव्यातल्या अनेक सिमितेरांत फोंड (कबरीचा खड्डा) काही वर्षांनी पुन्हा वापरला जातो आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवल्या जातात. म्हणजे आज दिसणारी पाटी पुढच्या खेपेस तिथे असेलच असं नाही. हे कुटुंबांसाठी हळवं प्रकरण असतं. ‘इथलं जुनं कुठे गेलं?’ असा जाब विचारल्यासारखा सूर लावू नका.

वेळ आणि सामान

उत्तम हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात गवत छातीपर्यंत असतं आणि घोणस, फुरसं यांची भीती खरी असते. बूट घाला, काठीने गवत चाळवत चला, एकट्याने जाऊ नका. २ नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस असतो. लोक त्याच्या आधी कबरी साफ करतात, चुन्याचा हात देतात, फुलं आणि मेणबत्त्या आणतात. त्या दिवशी कॅमेरा घरी ठेवा. पण आदल्या आठवड्यात जरूर जा : सफाईला आलेली म्हातारी माणसं एरवी भेटत नाहीत, आणि कुठली कबर कुणाची हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

सामान : फोन, जादा बॅटरी, वीस मीटरचा टेप, वही-पेन्सिल (पेनाची शाई घामाने पसरते), सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, मऊ केसांचा रंगाचा ब्रश, आणि साधारण दोन वीत लांबीचा आरसा. आरसा कशाला, ते पुढे सांगतो.

नकाशा आणि क्रमांक

आधी फोटो काढायला धावू नका. भिंतीच्या कडेने एक फेरी मारा, फाटक, खुरीस, मोठी झाडं यांच्या जागा वहीत काढा, मग रांगा ठरवा. फाटकातून आत शिरल्यावर डावीकडची पहिली रांग ‘अ’, तिच्यातली पहिली कबर ‘अ-१’, असं काहीही चालेल, पण एकदा ठरलेलं बदलू नका. पाटी नसलेल्या, मोडलेल्या, नुसता जांभ्याचा चौथरा उरलेल्या कबरींनाही क्रमांक द्या. गरिबांच्या कबरी तशाच असतात. त्या गाळल्या तर तुमच्या नोंदीत फक्त भाटकारच (जमीनदारच) राहतील.

दगडावर खडूने क्रमांक लिहायचा नाही. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोपुरती शेजारी ठेवा आणि उचलून घ्या.

फोटो आणि वाचन

प्रत्येक कबरीचे किमान चार फोटो : आजूबाजूसह संपूर्ण, पाटी अगदी समोरून, नक्षी किंवा चिन्ह जवळून, आणि मोडतोड झाली असेल तर ती. समोरच्या फोटोत पट्टी ठेवा. फोनमधलं स्थान-नोंदीचं बटण चालू असू द्या.

झिजलेली अक्षरं दुपारच्या उन्हात दिसतच नाहीत. प्रकाश बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर पडायला हवा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तो आपसूक मिळतो. एरवी दगडावर सावली धरा आणि सोबतच्या माणसाला आरशाने बाजूने ऊन टाकायला सांगा. कोरलेल्या खाचांत सावली भरते आणि काहीच नाही असं वाटणाऱ्या शिळेवर ओळी उमटतात. या एका युक्तीमुळे पीठ, खडू, शेव्हिंग फोम असल्या घातक उपायांची गरजच उरत नाही. कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेऊ नका. पापुद्रे सुटलेल्या दगडावर तो दाबही सोसवत नाही.

मजकूर आहे तसा, ओळीला ओळ ठेवून उतरवा. चूक वाटली तरी सुधारू नका. न कळलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह द्या. पोर्तुगीज येत नसेल तरी घाबरू नका, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. ‘आकी जाझ’ म्हणजे इथे विसावला आहे. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगं, बऱ्याचदा नुसतं ‘एस’ आणि वर छोटा ‘ए’ एवढंच असतं. ‘हेर्देइरोस’ म्हणजे वारस, म्हणजे ते थडगं घराण्याचं. ‘नास्सेउ’ जन्मला, ‘फालेसेउ’ वारला. ‘जाझिगो’ म्हणजे कुटुंबाचं दफनघर. शेवटी पी, एन, ए, एम अशी चार अक्षरं आली तर तो वाचणाऱ्याला केलेला विनवणीचा शब्द आहे : या आत्म्यासाठी एकदा ‘आमच्या बापा’ आणि एकदा ‘नमो मारिये’ म्हणा.

महिन्यांत हमखास फसगत होते. सातचा आकडा आणि त्याला जोडून ‘बी-आर-ओ’ असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाचं ‘एक्स’ चिन्ह म्हणजे डिसेंबर. जुन्या रोमन वर्षात सप्टेंबर सातवा महिना होता, त्याचा हा अवशेष.

तारीख फुटली असेल तर दोन खुणा मदतीला येतात. राजमुकुट असलेलं पोर्तुगीज राजचिन्ह दिसलं तर शिळा बहुधा ५ ऑक्टोबर १९१० च्या आधीची, कारण त्या दिवशी पोर्तुगालमध्ये राजेशाही संपली. आणि ‘फालेसेउ’ दोन ‘एल’ घालून कोरलं असेल तर ते १९११ च्या शुद्धलेखन-सुधारणेच्या आधीचं वळण आहे. जुनं वळण पुढेही बरीच वर्षं चालू राहिलं, म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही.

देवनागरी लेखांत शक येतो. त्यात ७८ मिळवा, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनपर्यंतची तिथी असेल तर ७९. हात बसवायचा असेल तर नार्व्याला जा. शिवाजी महाराजांनी सप्तकोटेश्वराचं देऊळ पुन्हा बांधवलं, त्याच्या दारावरचा लेख शके १५९०, कार्तिक महिन्याचा आहे, म्हणजे १६६८. कबरस्तानात हिजरी सन आला तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, एखाद्या वर्षाच्या फरकाने इसवी सन हाती येतो. मुसलमान कबरी इथे उत्तर-दक्षिण असतात. वर कलमदानासारखा (लेखणीच्या पेटीसारखा) उंचवटा असेल तर ती पुरुषाची आणि सपाट पाटी असेल तर स्त्रीची, हा संकेत दख्खनभर दिसतो.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला नेताना, वरच्या पट्टीत तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य : ते आहेत तोवर कीर्ती राहो. सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला उजवा हात असतो. गोव्याच्या कदंब राजांची सत्ता समुद्रावर होती, त्यामुळे इथल्या काही वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. गावातले दगड पाहण्याआधी जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालय (शुक्रवारी बंद) एकदा निवांत बघून या. तिथले चांगले जपलेले वीरगळ पाहिले, की शेतातल्या झिजलेल्या दगडावरही पट्ट्या ओळखू येतात. गावात वीरगळ अनेकदा राखणदार म्हणून पुजला जातो. त्यावरचा तेल-शेंदूर खरवडू नका. ती पूजा त्या दगडाच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि तिच्यामुळेच तो दगड आजवर कुणी उचलून नेलेला नाही.

माणसं आणि कागद

दगडावर नसलेलं बरंच काही माणसांकडे असतं. फोंड खणणारा, इगर्जीचा जुना सेवक, देवळाचा पुजारी, वाड्यावरची थोरली माणसं यांना भेटा. ‘इतिहास सांगा’ म्हणू नका, कुणी बोलणार नाही. ‘ही भिंत कधी वाढवली?’, ‘साथीत गेलेल्यांना कुठल्या बाजूला पुरलं?’, ‘हा दगड आधी कुठे होता?’ असं नेमकं विचारा. संमती घेऊन आवाज टिपा. जुन्या सिमितेरांत वेगवेगळ्या कॉन्फ्रारियांच्या जागा वेगळ्या असायच्या, आणि त्यामागे जातीची उतरंड होती. हा विषय निघाला तर ऐकून घ्या आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहा.

कागदांसाठी दोन दारं. इगर्जीची मृत्यूनोंद-पुस्तकं विगारांच्या परवानगीने, आणि पणजीचं पुराभिलेख संचालनालय. या दप्तरखान्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते, त्याचे पहिले रक्षक दियोगु दु कोतु. तिथे जाताना गाव, अंदाजे साल आणि घराण्याचं नाव लिहून न्या, म्हणजे कर्मचाऱ्यांना नेमके बस्ते काढता येतात.

कागद आणि जागा एकत्र ठेवल्यावर काय हाती लागतं, याचं गोव्यातलं सर्वांत मोठं उदाहरण संत ऑगस्टिनच्या भग्न इगर्जीचं आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ साली इराणात मारली गेली आणि तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनी साधूंनी गोव्यात आणला. १८३५ साली धर्मसंघ हाकलले गेले, मठ ओस पडला, छप्पर-भिंती कोसळल्या आणि ४६ मीटरांच्या मनोऱ्याचा काही भाग उरला. अस्थी मठाच्या सभागृहात एका खिडकीपाशी ठेवल्याचा उल्लेख मात्र जुन्या पोर्तुगीज कागदांत राहिला होता. त्या उल्लेखाच्या आधारे पुरातत्त्व खात्याने ढिगाऱ्यातून खिडक्या ओळखून काढल्या, अस्थी सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला गेला आणि २०२१ साली त्या जॉर्जियाला देण्यात आल्या. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी ‘अमुक खिडकीशेजारी’ एवढं लिहून ठेवलं म्हणून हे जमलं. तुमच्या वहीतलं ‘फाटकापासून सात मीटर, आंब्याच्या पूर्वेला’ हे वाक्य त्याच जातीचं आहे.

सफाई आणि दुरुस्ती : काय टाळायचं

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कठीण होतो, पण सच्छिद्रच राहतो. तो पाणी पितो आणि पुन्हा सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो. सिमेंट देत नाही. पाणी आत अडकतं, क्षार साचतात, आणि काही पावसाळ्यांत सिमेंटच्या पापुद्र्यामागे दगडाची भुकटी झालेली असते. त्यामुळे जुन्या कबरीची दुरुस्ती चुन्यातच व्हायला हवी, चुन्याचं काम येणाऱ्या गवंड्याकडूनच. असा गवंडी मिळेपर्यंत काही न करणं हे सिमेंटपेक्षा केव्हाही बरं.

ॲसिड, ब्लीच, कपड्यांची पावडर, तारेचा ब्रश, पाण्याचा जोरदार फवारा : यांपैकी काहीही नको. संगमरवर तर ॲसिडने विरघळतोच. परवानगी असेल तर कोरडा पाला मऊ ब्रशने झाडा, शेवाळ ओलं करून लाकडी पट्टीने हलक्या हाताने काढा, तेही दगड घट्ट असेल तरच. चिऱ्यांच्या फटीत पिंपळ किंवा वड उगवला असेल तर उपटू नका, मुळांबरोबर चिरे बाहेर येतात. खोड बुंध्याशी कापा आणि जाणकाराला दाखवा.

संरक्षित स्मारक असेल तर हेही करायचं नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. राज्याच्या यादीतल्या स्थळांना १९७८ चा गोव्याचा स्वतंत्र कायदा आहे. कुठेही खणताना नाणी, मूर्ती, ताम्रपट सापडले तर ते हलवू नका, जागेचे फोटो काढा आणि जिल्हाधिकारी व पुरातत्त्व खात्याला कळवा.

नोंद कुठे ठेवायची

फोनमध्ये राहिलेली नोंद फोनबरोबर जाते. प्रत्येक फोटोच्या नावात गाव, कबरीचा क्रमांक आणि तारीख घाला. एक तक्ता करा : क्रमांक, मोजमाप, दगडाचा प्रकार, मजकूर, अवस्था, कुणी पाहिलं. त्याच्या छापील प्रती इगर्जी, मठ किंवा समितीला, गावच्या वाचनालयाला आणि पुरातत्त्व खात्याला द्या. सगळीकडे खुलं करताना मात्र शंभर वर्षांच्या आतली नावं वगळा. त्यांची मुलं-नातवंडं गावात आहेत, त्यांना विचारल्याशिवाय ती नावं आपली नाहीत.

दर वर्षी पावसाळा सरून गवत वाळलं, की त्याच जागी उभं राहून त्याच कबरींचे फोटो पुन्हा काढा आणि मागच्या वर्षीच्या फोटोंशेजारी ठेवून बघा. कुठली भेग रुंदावली, कुठला चिरा ढळला हे तेव्हाच कळतं. ज्या कबरीत बदल दिसेल तिचा क्रमांक आणि दोन्ही फोटो त्याच आठवड्यात विगारांना, महाजनांना किंवा समितीला नेऊन दाखवा.